ऑपरेशन डॉक्टरांचं, पुढचे दहा दिवस आपले

रमजानचा दुसरा अशरा सुरू होता. असरच्या अजानला अर्धा तास असताना माझी आठवीतली लेक आणि मी रिक्षातून उतरलो. तिच्या मांडीवर भाजीची प्लास्टिकची टोपली, टोपलीवर जुना दुपट्टा बांधलेला आणि आत आमची मन्नो. वय सहा महिने, वजन सव्वादोन किलो. सकाळीच तिची नसबंदी झाली होती. डोळे टक्क उघडे, पण नजर कुठेच नाही. जीभ किंचित बाहेर. दारात सासूबाई उभ्या होत्या. घरात आम्ही सगळेच त्यांना अम्मी म्हणतो. त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि दखनीत एवढंच म्हणाल्या, "रोजे में बेजुबान की हाय कायकू ली गे?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर हा प्रश्न महिनाभर माझ्याही मनात होता. उत्तर मिळालं ते पुढच्या दहा दिवसांत, मन्नोची शुश्रूषा करता करता. ते इथे सविस्तर लिहिते आहे. कारण आपल्या वस्त्यांमध्ये मांजर नाही असं घर शोधावं लागतं, पण मांजरीच्या ऑपरेशनबद्दल आणि त्यानंतरच्या देखभालीबद्दल मराठीत किंवा उर्दूत नीट सांगणारं कुणी भेटत नाही.

आधी हे केलं का, ते सांगते.

सोलापुरातल्या आमच्या गल्लीत जिन्याखाली मन्नोची आई राहते. ती कुणाची नाही आणि सगळ्यांची आहे. कुणी तिला मटणाचे छीछडे टाकतं, कुणी सेहरीची उरलेली रोटी. दीड वर्षात तिची तीन वेतं झाली आणि अकरा पिल्लं झाली. त्यातली दोन गाडीखाली आली. एकाला कुत्र्यानं नेलं. तीन पिल्लं एकाच आठवड्यात उलट्या-जुलाबांनी गेली. चार पिल्लं एका शेजाऱ्यानं पोत्यात भरून पहाटे मंडईत सोडली. हा शेजारी वाईट माणूस नाही. पाच वक्ताचा नमाजी आहे, कुणाच्या मय्यतीला सगळ्यात आधी पोहोचतो. त्याला फक्त दुसरा मार्ग माहीत नव्हता. अकरावी उरली ती मन्नो. पोतं भरलं गेलं त्या पहाटे ती आमच्या शिलाई मशीनच्या खाली झोपली होती, म्हणून वाचली.

पिल्लं नेल्यावर त्यांची आई तीन रात्री जिन्याखाली ओरडत होती. तराविहहून परतणारे लोक तिला हाकलत होते. मला त्या ओरडण्याचा अर्थ कळत होता, कारण मीही आई आहे.

मांजरीची मादी चार महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. म्हणजे ती स्वतः पिल्लू असतानाच गाभण राहू शकते. गर्भ साधारण नऊ आठवड्यांचा असतो. एका वेताला तीन-चार किंवा पाच पिल्लं होतात. आधीची पिल्लं दूध पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. बोक्याशी संग झाला नाही तर माज दोन-तीन आठवड्यांनी परत येतो आणि त्या काळात ती रात्र-रात्र ओरडते, जमिनीवर लोळते, दार ओरबाडते. लोक म्हणतात, "मांजर बिघडली." बिघडलेलं काहीच नसतं. तिचं शरीर त्याचं काम करत असतं आणि आपण तिला चार भिंतींत कोंडलेलं असतं.

नसबंदीचा फायदा केवळ पिल्लं थांबण्यापुरता नाही. वाढत्या वयाच्या माद्यांच्या गर्भाशयात पू होण्याचा एक जीवघेणा आजार असतो, तो टळतो. वयाच्या सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर स्तनाच्या गाठींचा धोका फार मोठ्या प्रमाणात कमी होतो. मांजरीत या गाठी बहुतेकदा कर्करोगाच्याच निघतात, म्हणून ही गोष्ट किरकोळ नाही.

आता दीनचा प्रश्न. अम्मींच्या प्रश्नाचं मूळ तिथे होतं आणि तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अल्लाहनं जी रचना केली ती बदलायचा आपल्याला काय हक्क? हा प्रश्न फुकहांनीही घेतला आहे. बाराव्या शतकातल्या 'अल-हिदाया' या हनफी फिकहच्या ग्रंथात जनावरांच्या खच्चीकरणाला हरकत नसल्याचं म्हटलं आहे, कारण त्यात जनावराचा आणि माणसाचा फायदा आहे. शाफई मसलकातले इमाम नववी मात्र कडक आहेत. ज्याचं मांस खाल्लं जातं ते जनावर लहान असताना चालेल, इतरांचं नाही, असं त्यांचं मत. आपल्या कोकणातले मुसलमान शाफई आहेत. त्यामुळे रत्नागिरीची माझी एक मैत्रीण म्हणाली, "तुमच्याकडे चालतं, आमच्याकडे विचारावं लागेल." तिनं विचारलं. तिला मिळालेलं उत्तर असं, की जुन्या फुकहांसमोर बधिरीकरण नव्हतं, वेदनाशामक नव्हतं. आज खरी गरज असेल आणि जिवाला त्रास कमीत कमी होत असेल, तर गुंजाइश आहे. वेगळं मत देणारे आलिमही आहेत. ज्याला शंका असेल त्यानं आपल्या विश्वासातल्या आलिमला विचारावं. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही.

पण एक गोष्ट मी अम्मींना जरूर विचारली. बकरी ईदला आपण खच्ची बोकड बघून घेतो, त्याचं मांस चांगलं म्हणून चार पैसे जास्त देतो. नबी करीम (स.) यांनी दोन खच्ची मेंढ्यांची कुर्बानी दिल्याची रिवायत आपण दरवर्षी ऐकतो. मग आपल्या ताटाच्या फायद्यासाठी जे चालतं, ते जनावराच्या स्वतःच्या फायद्यासाठी का चालू नये? अम्मी गप्प राहिल्या. पटलं म्हणून नव्हे, इफ्तारीची भजी तळायची होती म्हणून.

मांजरांविषयी आपल्याकडे प्रेमानं बोललं जातं. झोपलेल्या मांजरीला उठवायला नको म्हणून नबींनी चोग्याची बाही कापल्याचा किस्सा मुलांना सांगितला जातो. गोड किस्सा आहे, पण हदीसच्या विश्वसनीय संग्रहांत तो सापडत नाही. सापडतात त्या गोष्टी जास्त कामाच्या आहेत. एका बाईनं मांजर कोंडून ठेवली, स्वतः खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन शोधूही दिलं नाही. त्यासाठी तिला अजाब झाला, हे बुखारी आणि मुस्लिम दोन्हीत आहे. दुसरी रिवायत हजरत अबू कतादा यांची. सुनेनं वुजूसाठी पाणी ओतलं, मांजर आली, तर त्यांनी भांडं तिरकं करून तिला पिऊ दिलं. सून बघत राहिली तेव्हा त्यांनी समजावलं की मांजर नापाक नाही, ती आपल्यात वावरणारी आहे, असं नबींनीच सांगितलंय. या दोन्ही रिवायतींमधून मला एकच गोष्ट कळते. मांजरीवर प्रेम करण्याचा पुरावा तिच्या गोष्टी सांगण्यात नाही. तिला कोंडलं, बांधलं, कापलं, तर तिच्या अन्नपाण्याची आणि दुखण्याची जबाबदारी आपल्यावर येते. आणि ऑपरेशननंतरचे दहा दिवस म्हणजे नेमकी हीच जबाबदारी.

तर त्या दिवशी असरच्या वेळी टोपली घरात आली. दवाखान्यातून हातात एक कागद मिळाला होता, पूर्ण इंग्रजीत. मदतनीस म्हणाला, "गळ्यातली टोपी काढू नका, दहा दिवसांनी टाके काढायला या." झालं. मी बी.एड. झालेली बाई, इंग्रजी वाचू शकते, तरी मला तो कागद दोनदा वाचावा लागला. ज्या घरात इंग्रजी वाचणारं कुणी नाही, त्यांनी काय करायचं? शुश्रूषेतली पहिली अडचण जखमेची नसतेच, ती भाषेची असते. म्हणून त्या कागदावर जे होतं, आणि नंतर डॉक्टरांना फोन करून जे विचारलं, ते आपल्या भाषेत सांगते.

पहिली रात्र. भूल उतरत असताना मांजर डोळे उघडे ठेवते, पण तिला शुद्ध नसते. उठायला जाते, झोकांड्या खाते, भिंतीवर आपटते. म्हणून तिला पलंगावर, सोफ्यावर किंवा कपाटावर ठेवायचं नाही. जमिनीवर, लहान खोलीत, दार बंद, दिवा मंद. भुलीत शरीराची ऊब टिकत नाही. सोलापुरात मार्चमध्ये आपल्याला घाम येत असतो, पण तिला फरशी थंड लागते. आम्ही खाली घडी घातलेली सोलापुरी चादर अंथरली आणि बाटलीत कोमट पाणी भरून, बाटली टॉवेलात गुंडाळून तिच्या पाठीशी ठेवली. उघडी गरम बाटली अंगाला लावायची नाही. तिला दूर सरकता येत नाही, चटका बसतो. पंखा बंद ठेवला. लेक घामानं भिजली, पण बसून राहिली.

खायला घाई करायची नाही. ती नीट चालायला लागली, मान धरायला लागली की आधी थोडं पाणी, मग रोजच्या खाण्याचा चौथा हिस्सा. अर्धवट शुद्धीत खाल्लं आणि उलटी झाली तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मन्नोनं इशाच्या सुमारास दोन घोट पाणी पिलं आणि सेहरीला उकडलेल्या चिकनचे चार तुकडे खाल्ले. चिकन बिनामिठाचं, बिनामसाल्याचं. कांदा-लसूण तर अजिबात नाही. तो मांजरीच्या रक्तपेशींना मारतो, मग ऑपरेशन झालेलं असो वा नसो. "अशक्त झाली, दूध द्या" असं प्रत्येक शेजारीण सांगून गेली. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. पोटाला टाके असताना जुलाब कुणाला हवेत?

लघवीसाठी वाळूचं टोपलं असतं, पण पहिले आठ-दहा दिवस वाळू किंवा भुकटीसारखं लिटर नको. कण जखमेला चिकटतात. त्याऐवजी कागदाचे तुकडे. मी वर्तमानपत्र घेतलं, तर अम्मींनी हात धरला. उर्दू पेपरात अल्लाहचं नाव असतं, तो पायाखाली नको. शेवटी लेकीच्या सातवीच्या गणिताच्या वह्या कामी आल्या. चोवीस तासांत लघवी झाली पाहिजे. शौचाला एक-दोन दिवस लागले तरी घाबरायचं कारण नाही.

औषधं दोन होती. दुखणं कमी करणारं एक पातळ औषध, वजनाप्रमाणे सुईविना सिरिंजमधून तोंडाच्या कडेला, आणि तेही पोटात अन्न गेल्यावरच, दिवसातून एकदा. दुसरी प्रतिजैविकाची मात्रा बारा-बारा तासांनी. रमजाननं इथे मदत केली. एक मात्रा सेहरीला, एक इफ्तारनंतर. तास अगदी घड्याळासारखे जुळत नव्हते, म्हणून डॉक्टरांना विचारून घेतलं, तर ते चालेल म्हणाले. एरवी सकाळ-संध्याकाळच्या गडबडीत एखादी मात्रा चुकलीच असती. उर्दू शाळा रमजानात सकाळच्या सत्रात भरते. त्यामुळे दुपारपासून मी घरी. ऑपरेशनसाठी हा महिना निवडला तो म्हणूनच.

आता माझी चूक.

तिसऱ्या दिवशी मन्नो गळ्यातल्या टोपीमुळे हैराण झाली. ती प्लास्टिकची सुपासारखी कॉलर दाराला अडकायची, पाण्याच्या वाटीवर आपटायची. ती मागे-मागे चालत राहायची, जणू मागे गेलं की टोपी सुटेल. मला तिची दया आली. "पंधरा मिनिटं काढते," असं म्हणून मी टोपी काढली आणि इफ्तारीचं सरबत करायला वळले. परत आले तेव्हा तिनं चाटून-चाटून एक टाका सैल केला होता आणि जखमेची कड लाल झाली होती. मांजरीची जीभ मऊ नसते, त्यावर उलट्या काट्यांसारखे खरखरीत उंचवटे असतात. हाडावरचं मांस सोलायला बनलेली ती जीभ टाक्यावर काय करेल? "जनावर चाटून जखम बरी करतं" ही समजूत ऑपरेशनच्या जखमेला लागू नाही. त्या रात्री पुन्हा दवाखाना. नशीब, आतले थर शाबूत होते. नवी टोपी मिळाली आणि माझ्या खोट्या दयेबद्दल चार शब्दही. ते माझे हक्काचे होते.

टोपी सहनच होत नसेल तर अंगाला घट्ट बसणारा कापडी सदराही चालतो. जुन्या बनियनच्या बाहीत पायांसाठी चार भोकं पाडून घरीही शिवता येतो, फक्त शेपटीकडची बाजू मोकळी हवी आणि तो ओला झाला तर लगेच बदलायला हवा. आम्ही पाचव्या दिवसापासून दिवसा हा सदरा आणि रात्री टोपी असं केलं. अम्मींनी शिवला, न सांगता.

दुसरी चूक होता होता राहिली आणि ती पहिलीपेक्षा शंभरपट भयंकर ठरली असती. चौथ्या दिवशी तिचे कान गरम लागत होते. शेजारची खाला मायेनं तापाची गोळी घेऊन आली. म्हणाली, "पाव गोळी पाण्यात दे, पोरांनाही देतो की." पॅरासिटामॉल. मी वाटी घेतलीही होती. लेक म्हणाली, "आधी डॉक्टरांना विचार." डॉक्टर फोनवर ओरडलेच. माणसाचं यकृत पॅरासिटामॉल निकामी करून बाहेर टाकतं, मांजरीच्या यकृताला ते जमत नाही. तिच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येईनासा होतो, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं आणि एक-दोन दिवसांत ती जाऊ शकते. गोळीचा तुकडासुद्धा पुरतो. माणसांच्या इतर वेदनाशामक गोळ्यांचंही तेच. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. आपल्या डब्यातली कुठलीही गोळी मांजरीला द्यायची नाही.

जखमेवरही काही लावायचं नाही. हळद नाही, खोबरेल नाही, राख नाही. पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं फरशीचं जंतुनाशक तर मुळीच नाही, ते चाटण्यातून मांजरीच्या पोटात गेलं की विषच. जखम कोरडी ठेवायची, आंघोळ नाही. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि त्या दिवशी सगळं घर ओलं होतं. त्या दिवशी मन्नो खाटेच्या पायथ्याशी मोठ्या खोक्यात.

दिवसातून दोनदा, चांगल्या उजेडात, जखम बघायची. कडेला हलका लालसरपणा, थोडी सूज, टाक्यांच्या खाली छोटीशी कडक गाठ, हे चालतं. रक्त ठिबकत असेल, पू किंवा वास असेल, जखमेची कड उघडली असेल, सूज रोज वाढत असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, उलट्या थांबत नसतील, किंवा चोवीस तासांत काहीच खाल्लं नसेल, तर "उद्या बघू" नाही. मांजर काही दिवस उपाशी राहिली तर तिच्या यकृतात चरबी साठून नवाच आजार उभा राहतो. आणि ती दुखणं दाखवत नाही. कोपऱ्यात तोंड करून बसते, कण्हत नाही. गप्प आहे म्हणजे बरी आहे, हा आपला गैरसमज आहे, मांजरींबद्दलही आणि आणखी कुणाकुणाबद्दलही.

खरा त्रास पाचव्या दिवसापासून सुरू झाला. कारण तिला बरं वाटायला लागलं. पोटातले थर अजून जुळत असतात आणि तिला कपाटावर उडी मारायची असते. आम्ही खुर्च्या उलट्या ठेवल्या, शिलाई मशीनवर चादर टाकली, खिडकीचा ओटा भांड्यांनी भरला. शेजारची मुलं खेळायला यायची, त्यांना दहा दिवस सुट्टी दिली.

सहाव्या रात्रीची गोष्ट. तराविह संपून गल्ली शांत झाली होती. मी मन्नोला मांडीवर घेऊन टाके बघत होते. अम्मी तसबीह फिरवत बाजूला बसल्या होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "मेरेकू तीन दिन मिले थे."

मला आधी कळलंच नाही. मग त्या बोलत गेल्या. चौथ्या बाळंतपणानंतर त्यांचं ऑपरेशन झालं होतं, सरकारी दवाखान्यात, चाळीसेक वर्षांपूर्वी. तिसऱ्या दिवशी घरी आल्या. चौथ्या दिवशी मांडीवर सूप आणि सुपात विडीची पानं-तंबाखू. सोलापुरात हजारो बायकांनी विड्या वळून घरं चालवली, अम्मी त्यातल्याच. हजार विड्या वळायला दिवसभर पुढे वाकून बसावं लागतं. सुपाची कड टाक्यांवर टेकायची. एक टाका पिकला. घरात कुणाला सांगितलं नाही, कारण त्या ऑपरेशनबद्दल घरातच कुजबूज होती, गुनाह आहे की नाही याची. दुखलं म्हणाल्या असत्या तर ऐकावं लागलं असतं, "बघ, अल्लाहनं शिक्षा दिली."

तसबीह परत फिरू लागली. मी लग्न होऊन या घरात आले त्याला एकोणीस वर्षं झाली. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली, आणि ती मांजरीमुळे.

तेव्हा मला त्यांचा दारातला प्रश्न कळला. "हाय कायकू ली" हा मसल्याचा प्रश्न नव्हताच पूर्ण. कापायचं, आणि मग दुखणाऱ्याला एकटं सोडायचं, हे त्यांनी भोगलं होतं. त्यांना वाटलं, या मुक्या पोरीचंही तेच होणार.

म्हणून माझं म्हणणं असं. नसबंदी बरोबर की चूक, यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. ऑपरेशननंतर काय, यावर कुणी बोलत नाही. बाईचं असो, मांजरीचं असो, ऑपरेशन डॉक्टर तासाभरात करतात. जखम भरते ती घरात, आणि घरात वेळ, जागा, भाषा आणि माया नसेल तर उत्तम ऑपरेशनही जुलूम ठरतं. हाय लागते ती तिथे. ज्याला दहा दिवस द्यायचे नाहीत, त्यानं आधी ते दिवस काढावेत, मगच टोपली उचलावी. आणि ज्याला नसबंदीच नको, त्यानं होणाऱ्या प्रत्येक पिल्लाची जबाबदारी घ्यावी. पोत्याचा तिसरा मार्ग आपल्याला नाही.

हे एकेकट्या घराचंच काम आहे असंही मला वाटत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यांनी शुश्रूषेचा कागद मराठीत द्यावा, जिथे गरज तिथे उर्दूत, ही काही मोठी मागणी नाही. एका पानाचं काम आहे. मी ते लिहून आमच्या डॉक्टरांना दिलं, त्यांनी तपासलं आणि आता ते दवाखान्यात मिळतं. आपल्याकडच्या सरकारी पशुदवाखान्यांचा भर गाई-म्हशी आणि शेळ्यांवर असतो, ते समजण्यासारखं आहे. पण शहरातल्या दवाखान्यात महिन्यातून एक दिवस मांजरींसाठी ठेवता येईल. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे, एका पारशी कुटुंबाच्या दानातून. आपल्या मोहल्ला कमिट्या रस्त्याच्या कडेला पाणपोया बांधतात, त्याचं सवाब आहेच. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची बख्शिश झाली, हेही आपल्याच दीनमध्ये आहे. मग वर्षातून पाच-दहा मांजरींच्या ऑपरेशनचा आणि त्यांच्या दहा दिवसांच्या निवाऱ्याचा खर्च सदक्यातून का होऊ नये? मन्नोला सगळं मिळून तीन हजारांच्या आसपास लागले. ईदच्या खरेदीत एवढे पैसे कुठे जातात हे आठवतही नाही.

शाळेतही बोलता येतं. मी सहावीच्या वर्गात 'आजारी प्राण्याची काळजी' हा निबंध दिला. पोरांनी भरभरून लिहिलं. एकानं लिहिलं, "मांजरीला तापाची गोळी देऊ नये, असं मॅडम म्हणाल्या. मी हे घरी सांगितले. अब्बांना माहीत नव्हते." एवढं एक वाक्य घरोघर गेलं तरी काही जीव वाचतील.

अकराव्या दिवशी टाके निघाले. तिसऱ्या अशऱ्याची गडबड होती, बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी अम्मी रिक्षातून सोबत आल्या. डॉक्टरांनी सांगितलं, आता सदरा काढला तरी चालेल. खाणं थोडं बेतानं द्या, नसबंदीनंतर मांजरीला भूक जास्त लागते आणि गरज कमी असते, वजन लवकर वाढतं. घरी आल्या आल्या मन्नो कपाटावर चढली आणि संध्याकाळपर्यंत खाली आलीच नाही.

इफ्तारनंतर अम्मी जिन्याकडे बघत होत्या. खाली तिची आई पंजे चाटत बसली होती. तिचं पोट अजून रिकामं दिसत होतं.

"इसका भी कराना," अम्मी म्हणाल्या. मग जरा थांबून, "लेकिन इसकू पकडेगा कौन?"

प्रश्न खरा आहे. ती कुणाच्या हाती लागत नाही. ज्या शेजाऱ्यानं पोतं भरलं होतं त्यालाच विचारलं. तो म्हणाला, ईद झाली की पिंजरा आणतो. दहा दिवस तिला ठेवायचं कुठे, ते मात्र अजून ठरायचं आहे. ते ठरल्याशिवाय पिंजरा लावायचा नाही, असं अम्मींनी त्याला बजावलं आहे.